नोहाचं तारू: बायबलमधली गोष्ट आणि मध्ययुगीन नाटक यांची तुलना करायची रीत

चेस्टरच्या नाटकात नोहाची बायको तारवात पाय ठेवल्या ठेवल्या नोहाच्या कानशिलात लगावते. एम. ए. इंग्रजीच्या मुलांच्या वह्या असोत की वाचक मंडळातल्या मोठ्या माणसांची टिपणं, तुलना नेमकी या चपराकीपासून सुरू होते आणि दुसऱ्याच परिच्छेदात संपते. ‘बायबलमध्ये असं नाही, नाटककारानं विनोदासाठी घातलं’ एवढा एकच निष्कर्ष हाती लागतो. चूक वाचनापेक्षा क्रमात जास्त असते. नाटक आधी वाचलं जातं आणि बायबल आठवणीतून घेतलं जातं.

पुढची रीत उत्पत्तीच्या पुस्तकातला जलप्रलय आणि इंग्लंडमधल्या चेस्टर, यॉर्क आणि वेकफील्ड इथली नाटकं समोर ठेवून मांडली आहे. वेकफील्डचं नाटक टाउनली हस्तलिखितात आहे, म्हणून पुढे त्याला ‘टाउनली’ म्हटलं आहे. अब्राहाम-इसहाक किंवा मेंढपाळांची गोष्ट घेतलीत तरी पायऱ्या याच राहतील. क्रम मात्र बदलू नका.

## आधीची तयारी

टेबलावर चार गोष्टी हव्यात.

पहिली, मराठी बायबल. आपल्या भाषेत वाचलं की बारकावे चटकन दिसतात. पण मराठी भाषांतरं हिब्रू-ग्रीक मुळाकडे बघून झालेली आहेत, आणि नाटककारापुढे होतं व्हल्गेट, म्हणजे लॅटिन बायबल. म्हणून दुसरी गोष्ट, व्हल्गेटचं शब्दशः इंग्रजी भाषांतर. जुनं डुए-रीम्स भाषांतर या कामाला पुरतं. किंग जेम्स बायबल १६११ सालचं आहे. या नाटकांचे प्रयोग त्याआधीच बंद पडले होते, त्यामुळे नाटककारानं ते वाचलं असणं शक्यच नाही.

तिसरी गोष्ट, नाटकाची अशी आवृत्ती जिच्यात मूळ मध्य इंग्रजी ओळी, ओळींचे आकडे आणि टिपा आहेत. आधुनिक इंग्रजीत सोपी केलेली संहिता सोबतीला चालेल, पण एकटीच नको. चौथी, एक वही आणि दोन रंगांची पेनं.

सावध: बेंजामिन ब्रिटनच्या १९५८ सालच्या ‘नॉयज फ्लड’ या संगीत-नाट्याची संहिता चेस्टरच्या नाटकावरून घेतलेली आहे. शोधताना हीच आधी हाती लागते. ती विसाव्या शतकातली रंगावृत्ती आहे. मूळ नाटक समजून तिच्यातल्या ओळी उद्धृत करू नका.

## १. उताऱ्याची हद्द ठरवा

‘नोहाची गोष्ट’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे आधी लिहून ठेवा. मी उत्पत्ति ६:५ ते ९:२९ अशी हद्द घेते. एकूण ९३ वचनं होतात, अर्ध्या तासात वाचून होतात. बरेच जण इंद्रधनुष्यापाशी, म्हणजे ९:१७ ला थांबतात, कारण लहानपणी ऐकलेली गोष्ट तिथेच संपते. त्याच्या पुढे नोहा द्राक्षमळा लावतो, दारू पिऊन तंबूत उघडा पडतो आणि शुद्धीवर आल्यावर नातवाला, कनानाला, शाप देतो. हा भाग सोडलात तर या तुलनेतली सगळ्यात मोठी गोष्ट हातची जाईल. ती कोणती, ते पुढच्याच पायरीत येतं.

## २. बायबल एकटं वाचा, आणि कोण बोलत नाही ते मोजा

या पायरीवर नाटक उघडायचं नाही. वहीत तीन याद्या करा.

बोलणारे. कोण, कुठल्या वचनात, कोणाशी बोलतो. ही यादी भरताना माणूस थबकतो. देव पुन्हा पुन्हा बोलतो, लांबलचक बोलतो. नोहा एक शब्द बोलत नाही. तारू बांध म्हटलं, बांधलं; आत जा म्हटलं, गेला; बाहेर ये म्हटलं, आला. त्याच्या तोंडचे पहिले आणि शेवटचे शब्द ९:२५ ते २७ मध्ये येतात, आणि तो शाप नि आशीर्वाद असतो. नोहाची बायको पाच वचनांत आहे (६:१८, ७:७, ७:१३, ८:१६, ८:१८). दर वेळी कुटुंबाच्या यादीत, नाव नसलेली, गप्प.

आता ही नोंद लक्षात ठेवा: चेस्टर, यॉर्क आणि टाउनली या तिन्ही नाटकांनी द्राक्षमळ्याचा प्रसंग गाळला आहे. म्हणजे बायबलमधला नोहा जिथे बोलतो नेमका तोच भाग रंगमंचावर नाही, आणि रंगमंचावर नोहा जे जे बोलतो त्यातलं एकही वाक्य उत्पत्तीमध्ये त्याच्या तोंडी नाही. बायकोला बोलकं केलं हे सगळ्यांना दिसतं. नोहालाही तितकंच बोलकं केलं आहे, हे मोजल्याशिवाय दिसत नाही.

काळ आणि मापं. ‘चाळीस दिवस पूर’ असं लिहू नका. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडतो. पाण्याचा जोर १५० दिवस राहतो. नोहाच्या वयाच्या ६०० व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी सुरू झालेला प्रलय पुढल्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी संपतो. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. प्राणी किती, याचं उत्तरही एक नाही: ६:१९ मध्ये प्रत्येकाची जोडी, ७:२ मध्ये शुद्ध पशूंची संख्या सातांच्या हिशेबात. दोन्ही टिपून ठेवा. नाटककारानं यातलं काय उचललं हे नंतर बघायचं आहे.

मोकळ्या जागा. गोष्टीत जे घडायला हवं होतं पण सांगितलेलं नाही, ते. देवानं नोहाला सांगितलं की बायकोला घेऊन जा. नोहानं बायकोला ते कधी सांगितलं? शेजारीपाजारी काय म्हणाले? बुडणाऱ्यांचं काय झालं? इथे उत्तरं द्यायची नाहीत, प्रश्न तेवढे लिहायचे.

तपासा: तिसऱ्या यादीत निदान पाच प्रश्न आहेत का? नसतील तर पुन्हा वाचा, या वेळी मोठ्यानं.

## ३. नाटक कुठलं, हस्तलिखित कुठलं

‘मध्ययुगीन नोहा-नाटक’ असं एक नाटक नाही. चेस्टरमध्ये ते डी नदीचं पाणी शहरात वाहून आणणाऱ्या पाणक्यांच्या संघाकडे होतं. यॉर्कमध्ये दोन तुकडे: तारू बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, पुराचा कोळी आणि नाविकांकडे. टाउनलीतलं नाटक एका हातचं, नऊ ओळींच्या कडव्यात बांधलेलं. एन-टाउन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाट्यमालेत नोहाची बायको अगदी आज्ञाधारक आहे. त्यामुळे ‘मध्ययुगीन नाटकात नोहाची बायको भांडखोर असते’ हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंत तर ते चूक ठरतं.

हस्तलिखितांचंही तसंच. यॉर्कचं हस्तलिखित पंधराव्या शतकात उतरवलेलं. चेस्टरची पाच पूर्ण हस्तलिखितं आहेत, सगळी १५९१ ते १६०७ मधली, आणि तिथला शेवटचा प्रयोग १५७५ साली झाला. म्हणजे जे आपण वाचतो ते प्रयोग थांबल्यानंतर उतरवलेलं आहे.

इथे मी स्वतः जोरात आपटले आहे. चेस्टरच्या नाटकात कावळा आणि कबुतर नाहीत असं एका संग्रहावरून दिसलं, आणि ‘नाटककारानं आशेचं चिन्ह मुद्दाम गाळलं’ यावर मी अख्खं प्रकरण उभं केलं. मांडणीही छान जमली होती. नंतर कळलं की पक्ष्यांचा प्रसंग पाचांपैकी एका, १६०७ च्या हस्तलिखितात आहे, आणि माझ्या संग्रहाच्या संपादकानं दुसरं हस्तलिखित आधाराला घेतलं होतं. तीन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून ‘गाळलं’ हा शब्द लिहिण्याआधी मी संपादकाची प्रस्तावना आणि परिशिष्ट दोन्ही उघडते. तुम्हीही उघडा.

सावध: छापील संहितेतल्या चौकटी कंसातल्या रंगसूचना बहुधा संपादकाच्या असतात. त्यांच्यावर मुद्दा बेतू नका.

## ४. नाटक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्यानं

पहिलं वाचन अर्थासाठी. दुसऱ्या वाचनात एका रंगानं बायबलमधून सरळ आलेलं अधोरेखित करा, दुसऱ्यानं बाकीचं. पानभर एकच रंग दिसला की तिथे थांबायचं.

मध्य इंग्रजीतल्या संबोधनांकडे कान ठेवा, कारण मराठीत टिपण काढताना नेमका इथे घोळ होतो. चेस्टरमधली बायको नोहाला ‘दाऊ’ म्हणते, म्हणजे अरे-तुरे करते. मुलं आईची विनवणी करताना ‘यू’नं, म्हणजे आदरानं, बोलतात. आपण सवयीनं बायकोच्या तोंडी ‘अहो’ घालतो आणि सगळा प्रसंग मवाळ होऊन जातो. तिचं बोलणं मराठीत साधारण असं येईल:

“माझ्या सख्या आल्याशिवाय मी इथून पाऊलभर हलायची नाही. संत योहानाची शपथ, माझ्यानं होईल तर त्यांना बुडू द्यायची नाही. ख्रिस्ताशप्पथ, फार जीव लावला त्यांनी मला. घेतोस त्यांना तुझ्या पेटीत तर घे. नाहीतर जा वल्हवत हवं तिकडे, आणि कर दुसरी बायको.”

एवढ्या ओळींत तीन गोष्टी आहेत. जलप्रलयाच्या काळातली बाई ख्रिस्ताची आणि संत योहानाची शपथ घेते. तारवाला ती ‘पेटी’ म्हणते. हा टोमणा वाटतो, पण लॅटिन ‘आर्का’ म्हणजेच पेटी, त्यामुळे शब्द धर्मग्रंथातलाच आहे. टोमणा असेल तर तो सुरात आहे, आणि सूर मोठ्यानं वाचूनच पारखता येतो. तिसरी गोष्ट, तिच्या नकाराचं कारण. तिला मैत्रिणी बुडायला नको आहेत. ‘हट्टी’ एवढा शेरा मारून पुढे गेलात तर हे कारण वहीत येतच नाही.

पाठोपाठ सख्यांचं गाणं येतं, गोड मद्याचा घडा येतो, मुलं आईला उचलून आत नेतात. नोहा म्हणतो, ये गं, ये नावेत. आणि चपराक बसते. “गरम आहे हे! गप्प राहिलेलं बरं,” म्हणतो तो. चपराक स्वागतानंतर येते हा क्रम टिपून ठेवा. हीच बाई नाटकाच्या सुरुवातीला तारवासाठी लाकडं वाहून आणायला राजी असते, हेही टिपा.

## ५. तक्ता करा, पण शेवटचा रकाना रिकामा ठेवा

चार रकाने: बायबलचं वचन, नाटकातल्या ओळी, बदलाचा प्रकार, कारण. चौथ्याला या पायरीवर हात लावायचा नाही.

बदलाचे प्रकार मी पाच धरते: भर घातली, गाळलं, जागा बदलली, काम एकाकडून दुसऱ्याकडे दिलं, गप्प माणसाला बोलतं केलं. चौथा प्रकार सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. उदाहरणार्थ, उत्पत्ति ७:१६ मध्ये परमेश्वर स्वतः बाहेरून दार लावून घेतो. चेस्टरमध्ये नोहा म्हणतो, आता मी खिडकी लावून आत जातो. टाउनलीत नोहा बायकोला सुकाणू सांभाळायला सांगतो आणि स्वतः पाण्याची खोली मोजायला जातो. थोड्याच वेळापूर्वी दोघांनी एकमेकांना बदडलेलं असतं. कुठला पक्षी सोडावा हेही तो तिलाच विचारतो. बायबलमध्ये ही कामं एकतर नाहीत किंवा एकट्या नोहाची आहेत.

तपासा: प्रत्येक ओळीत वचनाचा आकडा आणि नाटकाच्या ओळीचा आकडा आहे का? ‘साधारण मध्यावर’ असं चालत नाही.

## ६. मधला थर बघा

नाटककारानं बायबल उघडलं आणि थेट संवाद लिहिले, असं झालं नाही. मध्ये हजार वर्षांचा थर आहे: लॅटिन भाषांतर, चर्चचे भाष्यकार, प्रवचनं, शाळांतून शिकवला जाणारा पीटर कोमेस्टरचा बाराव्या शतकातला बायबल-इतिहास. तक्त्यातल्या प्रत्येक भरीला आधी हा प्रश्न विचारा: हे याच थरातून आलं का?

कावळा घ्या. हिब्रूवरून केलेल्या भाषांतरात पाणी सुकेपर्यंत कावळा ये-जा करत राहतो. व्हल्गेटमध्ये तो गेला तो परतलाच नाही. टाउनलीतला नोहा म्हणतो, कावळा सदा भुकेला, कुठे मढं सापडलं तर तिथून हलायचा नाही. फक्त मराठी बायबल हाताशी असेल तर ‘नाटककारानं कावळ्याला बेइमान केलं’ असं लिहून बसाल. खरं तर बदल जेरोमच्या, म्हणजे व्हल्गेटच्या भाषांतरकाराच्या, लॅटिनमध्ये आधीच झाला होता, आणि मढ्याचं स्पष्टीकरण भाष्यकारांकडचं आहे.

शपथांचंही तसंच. मध्ययुगीन ख्रिस्ती वाचकाला जुन्या करारातली गोष्ट नव्या कराराची पूर्वछाया वाटे. तारू म्हणजे चर्च, पाणी म्हणजे बाप्तिस्मा (१ पेत्र ३:२०-२१ वाचा), तारवाच्या कुशीतलं दार म्हणजे ख्रिस्ताच्या कुशीतली जखम, असं चर्चचा भाष्यकार ऑगस्टीन यानं लिहून ठेवलेलं. नोहाच्या घरात ख्रिस्ताचं नाव आलं तर पुढे बसलेल्या प्रेक्षकाला ते खटकलंच असेल असं धरून चालू नका.

सावध: आपल्याकडचे वाचक इथे हमखास मनू आणि मत्स्याची कथा आणतात. मोह मी समजू शकते, पण ती तिसरी संहिता आहे. चेस्टरच्या नाटककारापर्यंत ती पोचलेली नव्हती. तिच्यावर वेगळा लेख लिहा.

## ७. गाडी आणि रस्ता डोळ्यांपुढे आणा

यॉर्कची नाटकं कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला गाड्यांवर होत. गाडी ठरलेल्या जागी थांबायची, प्रयोग व्हायचा, गाडी पुढच्या चौकात जायची. पहाटे साडेचारच्या सुमारास नटांनी तयार राहावं असं फर्मान असे. अशा गाडीवर हत्ती-सिंह येणार कुठून? चेस्टरच्या संहितेतच सूचना आहे की पशुपक्षी रंगवलेले असावेत आणि बोललेले शब्द चित्रांशी जुळावेत. घरातली माणसं आळीपाळीनं प्राण्यांची नावं घेतात ती यासाठी. हा भाग कागदावर कंटाळवाणा वाटतो आणि मुलं तो वगळतात. एकदा घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा.

आता पाणक्यांचा विचार करा. रोज नदीवरून पाणी वाहणारी माणसं शहराला जलप्रलय दाखवताहेत. जहाजं बांधणारी माणसं तारू ठोकताहेत. तक्त्यातले काही बदल इथेच उलगडतात: उत्पत्तीमध्ये तारू एका वचनात बांधून होतं, यॉर्कच्या सुतारकामाला मात्र जोड, खिळे, फळ्या यांचा हिशेब आहे. समोरची गर्दी त्या कामातली जाणकार होती.

## ८. आता चौथा रकाना, आणि मग लिखाण

रकाना भरताना प्रत्येक बदलाला दोन कारणं लिहा आणि कुठलं टिकतं ते ओळींवर घासून बघा. यॉर्कची बायको घ्या. ती भडकते, हे खरं. कारण एक: प्रेक्षकांना हसवायचं. कारण दोन: दुसऱ्या पायरीत लिहिलेली मोकळी जागा. ती म्हणते, “नोहा, मला सांगायला नको होतंस? सकाळ-संध्याकाळ बाहेर जायचास, मला घरात बसवून.” नोहाला तारू बांधायला शंभर वर्षं लागलेली आहेत. उत्पत्तीमध्ये देव नोहाला सांगतो आणि नोहा बायकोला सांगितल्याची नोंद कुठेही नाही. नाटककार नेमका त्या फटीत शिरला आहे. आणि पाणी ओसरल्यावर ती विचारते, आपली नातीगोती, ओळखीची माणसं, कुठे गेली सगळी? नोहाचं उत्तर: सगळे बुडाले, गप्प बस. तिन्ही नाटकांत या जागेइतकं दुसरं काहीच मला हलवत नाही. पहिलं कारण भांडणापुरतं टिकतं, या प्रश्नापुढे ते अपुरं पडतं. म्हणून लिखाणात दुसरं घ्यायचं आणि पहिल्याची जागा किती तेही सांगायचं.

लिहायला बसताना मुख्य विधान एकाच नाटकाबद्दल करा; बाकीची दोन शेजारी ठेवण्यापुरती. सुरुवात गोष्टीच्या सारांशानं नको, एका बदलानं करा, वचन आणि ओळ दोन्ही देऊन. ‘विकृत केलं’, ‘सुधारलं’, ‘मानवी केलं’ ही क्रियापदं पहिल्या मसुद्यात आली तर आडवी रेघ मारा आणि त्या जागी घडलेली गोष्ट लिहा: बोलतं केलं, दार नोहाकडे दिलं, कावळा परत आणला नाही.

मसुदा झाला की फक्त उद्धरणं घेऊन मूळ पानांशी जुळवा, आधी बायबलची, मग नाटकाची. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत सर्वाधिक चुका इथेच निघतात: यॉर्कची ओळ चेस्टरच्या नावावर, संपादकाची रंगसूचना नाटककाराच्या नावावर, आणि वचनाचा आकडा एकनं पुढे-मागे.